गहू सोडला, तपासणी मात्र राहून गेली: पोट, तलफ आणि पोळी

निंबोणी | १८ जानेवारी, रात्री ९.४०

मंडळी, बरेच दिवस लिहू लिहू म्हणत राहून जात होतं. आज धंतोलीहून डॉक्टरांकडून आले आणि ठरवलं की आता लिहायचंच. मी जी चूक केली ती आणखी कोणीतरी आत्ता करून राहिलं असेल.

मी नागपूरच्या मानेवाड्याची, वय ४४, नोकरी दिवसभर खुर्चीवर बसायची. चार-पाच वर्षांपासून पोटाचा त्रास आहे, अशक्तपणाही असतो. जेवण झालं की तासाभरात पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, साडीची गाठ सैल करावी लागायची. कधी तीन-तीन दिवस साफ होत नसे, तर कधी ऑफिसला निघायच्या आत तीनदा जावं लागे. दुसरा त्रास सांगायची मला फार लाज वाटत होती. संध्याकाळी पाच वाजले की खा-खा सुटायची. चहासोबत दोन टोस्ट घ्यायचे म्हणून डबा उघडायचा, आणि तळाचा चुरा बोटानं टिपून होईपर्यंत हात थांबायचा नाही. पोट भरलेलं असायचं, म्हणजे भूक नव्हतीच. तलफ होती.

दिवाळीत आतेबहिणीनं एक व्हिडिओ पाठवला. गव्हात अफूसारखं द्रव्य असतं, ते मेंदूला चटक लावतं आणि आतडं गळकं करतं, असं त्यात होतं. मला वाटलं, ही तर माझीच गोष्ट. एका आहार सल्लागाराकडे गेले, तिथंही एका वाक्यात उत्तर मिळालं, गहू बंद. आधी रक्त तपासून घ्या असं कोणी म्हटलं नाही. भाऊबीजेपासून पोळी, टोस्ट, शेवया, रवा सगळं बंद केलं. ज्वारीची भाकर आणि भात, एवढंच.

खरं सांगते, पंधरा दिवसांत फरक पडला. फुगणं निम्म्यावर आलं, संध्याकाळची तलफ उतरली, वजन तीन किलो कमी झालं. मी चार जणींना सांगत सुटले. माझी धाकटी बहीण गोंदियाला असते. तिचं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं वर येत नाही, लोहाच्या गोळ्या खाऊन कंटाळली आहे. माझं पाहून तीही गहू सोडायच्या तयारीत आहे.

आज पोटविकारतज्ज्ञांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गहू सोडायच्या आधी सिलिॲकची, म्हणजे गव्हामुळे आतड्याला इजा करणाऱ्या आजाराची, तपासणी केली होती का?" मी म्हटलं, नाही. "मग आता केली तर रिपोर्टवर भरवसा ठेवता येणार नाही. आधी किमान सहा आठवडे रोज दोन वेळा गहू खा, मग रक्त द्या."

म्हणजे जे खाऊन त्रास होतो तेच आता दीड महिना मुद्दाम खायचं. ऑटोत बसल्यावर डोळ्यांत पाणी आलं.

कोणी यातून गेलं आहे का? आणि गव्हाची खरंच चटक लागते का? मला दोन्ही समजून घ्यायचं आहे.

---

रोडगेवाला | १८ जानेवारी, रात्री १०.१५

ताई, आपले आजे-पणजे गहूच खाऊन शंभरी गाठत होते ना. त्यांना काहून नाही झालं काही?

---

जुनी_इतवारी | १८ जानेवारी, रात्री १०.५०

भाऊ, आपल्याकडचे आजे-पणजे रोज गहू खात नव्हते. मी सत्तरीतली आहे, माझ्या लहानपणी आमच्या घरी रोजची ज्वारीच. पोळी व्हायची सणाला, पाहुणे आले की, नाहीतर जावई आला की. गव्हाचे रोडगे म्हणाल तर नवस फेडायला, वनभोजनाला, वर्षातून चारदा. बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेतली लाल मिलो ज्वारी रेशनवर आली, ती खाल्लेली आठवते. पुढं रेशनचा गहू घरोघरी पोचला आणि भाकर मागं पडली. आता नातवाला भाकर वाढली तर म्हणतो, आजी पोळी नाही का? दोन्ही वेळ, बारा महिने, शिवाय मधल्या वेळेला बिस्किट न् टोस्ट, इतका गहू आपल्या घराण्यात कोणी खाल्लेला नाही.

---

सदरवासी | १९ जानेवारी, सकाळी ७.२०

निंबोणीताई, मी ॲलोपॅथीचा डॉक्टर आहे, आता निवृत्त. तुमच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर सांगितलं. ते का, हे समजलं की पुढचे सहा आठवडे काढणं जरा सोपं जाईल.

गव्हातल्या प्रथिनांचा मोठा भाग म्हणजे ग्लुटेन. ते डोळ्यांनी पाहायचं असेल तर आपली लांब रोटी करताना बघा. बाई लपथपीत कणीक परातीत आपटून आपटून मळते, हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवते आणि उलट्या मडक्यावर टाकते. इतकी ताणूनही ती तुटत नाही, तो ताण ग्लुटेनचा. ज्वारीत तो नाही, म्हणून भाकर थापावी लागते, लाटायला गेलं तर चिरते.

ग्लुटेनमधल्या ग्लायडिन या भागाचे आपल्या पाचकरसांनी पूर्ण तुकडे होत नाहीत. ३३ अमिनो आम्लांची एक साखळी तर जवळजवळ अख्खीच शिल्लक राहते, हे २००२ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं. बहुतेकांना त्याचं काही होत नाही. पण ज्यांच्यात डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं आहेत, त्यातल्या काहींचं शरीर त्या तुकड्याला शत्रू समजतं आणि लढता लढता स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्न शोषायचं काम त्यांचं. ते झिजून सपाट होतात. हा सिलिॲक. कोणाला जुलाब होतात, कोणाला काहीच नाही, फक्त हिमोग्लोबिन वर येत नाही, हाडं ठिसूळ होतात, मुलांची उंची खुंटते.

रक्तात टीटीजी-आयजीए नावाची अँटिबॉडी तपासतात, सोबत एकूण आयजीए. ज्यांच्यात मुळातच आयजीए कमी असतं त्यांचा पहिला रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून दोन्ही हवेत. संशय पक्का झाला की दुर्बिणीतून लहान आतड्याचे बारीक तुकडे घेऊन पाहतात. गहू बंद केला की अँटिबॉडी उतरत जाते, अस्तरही भरून येऊ लागतं. मग रिपोर्ट स्वच्छ येतो आणि आजार आत तसाच राहतो. डॉक्टर गहू खायला लावतात ते एवढ्यासाठी. जनुकांची तपासणी गहू न खाताही करता येते. ती निगेटिव्ह आली तर सिलिॲक जवळपास बाद होतो, पण पॉझिटिव्ह आली तर त्यातून काही ठरत नाही, कारण ही जनुकं असलेल्या बहुतेकांना सिलिॲक कधीच होत नाही.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध लावला हॉलंडच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथं उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि त्यांची ही आजारी मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली.

आपल्या देशात २०१६ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तरेत शंभरात साधारण १.२ जणांना सिलिॲक निघाला, दक्षिणेत हजारात एकाला. जनुकं दोन्हीकडे आहेत, फरक ताटातल्या गव्हाचा. आपण नागपूरकर मधोमध बसलो आहोत आणि दोन्ही वेळ पोळी खातो.

धाकट्या बहिणीला आधी थांबवा. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नसेल तर तिचीच तपासणी आधी व्हायला पाहिजे.

---

निंबोणी | १९ जानेवारी, सकाळी ८.०५

आत्ताच तिला फोन केला. सोमवारपासून सोडणार होती. थांबवली.

---

पहाटवारा | १९ जानेवारी, दुपारी १.३०

मी दोन वर्षांपासून गहू खात नाही, सिलिॲक नाही (आधी तपासलं होतं). त्यामुळे अनुभवानं बोलतो. चटकेची गोष्ट हवेतली नाही. १९७९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी गव्हाच्या ग्लुटेनवर पोटातलं पेप्सिन टाकलं आणि जे तुकडे निघाले ते अफू जिथं चिकटते त्याच जागांना (ग्राहींना) चिकटतात हे दाखवलं. त्यांना एक्झॉर्फिन असं नाव दिलं. पुढं १९९५ मध्ये मिशिगन विद्यापीठात अनावर खाणाऱ्या बायकांना अफूचा असर रोखणारं नॅलोक्सोन टोचलं, तर त्यांचं खाणं कमी झालं. मी स्वतः गहू सोडला आणि रात्री अकराला फ्रिज उघडायची सवय सुटली. मला तरी हे पटलं आहे. निंबोणीताईंची तलफ पंधरा दिवसांत उतरली ती उगाच नाही.

---

बाभूळबन | १९ जानेवारी, रात्री ८.४५

पहाटवारा, तुमचा अनुभव खरा आहे, तो मी नाकारत नाही. दोन्ही प्रयोगही खरे आहेत. पण त्यांच्यावर आपण किती भार टाकतो ते पाहा.

१९७९ चं काम परीक्षानळीतलं. दोन पोळ्या खाणाऱ्या माणसाच्या आतड्यातून ते तुकडे रक्तात, तिथून मेंदूत पुरेसे पोचतात आणि तलफ आणतात, हे त्यानं सिद्ध होत नाही. तसेच तुकडे दुधातल्या केसिनपासूनही निघतात, पण दह्या-ताकाच्या नादानं डबा रिकामा करणारं मी कोणी पाहिलेलं नाही. आणि नॅलोक्सोननं बायकांनी कमी काय खाल्लं? गोड आणि तुपकट पदार्थ, चॉकलेट वगैरे. तिथं गव्हापेक्षा साखर न् चरबीचीच साक्ष जास्त लागते.

निंबोणीताईंचं लिहिणं पुन्हा वाचा. डब्याचा तळ कशाचा गाठला? टोस्टचा. टोस्टमध्ये मैदा, साखर, वनस्पती तूप, मीठ. सकाळची पोळीही गव्हाचीच असते, पण अकरावी पोळी खाल्ल्याशिवाय राहवत नाही असं कोणी म्हणतं का? साधी पोळी तिसऱ्या-चौथ्याला पुरे होते.

२००९ मध्ये येल विद्यापीठात खाण्याचं व्यसन मोजायची एक प्रश्नावली तयार झाली. ती करणाऱ्या ॲशली गिअरहार्ट यांनी २०१५ मध्ये ३५ पदार्थांची यादी लोकांपुढं ठेवली आणि कशापुढं ताबा सुटतो ते विचारलं. पिझ्झा, चॉकलेट, चिप्स, कुकी, आइस्क्रीम वर आले. चिप्स आलूच्या, आइस्क्रीम दुधाचं, त्यात गहू कुठे आहे? समान धागा म्हणजे भारी प्रक्रिया आणि पिष्ट किंवा साखरेशी बांधलेलं तेल-तूप.

आणखी एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना महिनाभर आत ठेवलं. दोन आठवडे कारखान्यातलं खाणं, दोन आठवडे स्वयंपाकघरातलं. समोर ठेवलेली साखर, चरबी, तंतू, उष्मांक दोन्हीकडे सारखे, खा म्हटलं हवं तेवढं. कारखान्यातल्या खाण्यावर माणसं दिवसाला साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती आणि भरभर खात होती. दोन आठवड्यांत वजन जवळपास एक किलो वाढलं. हे २०१९ चं.

तुम्ही दोघांनी गहू सोडला तेव्हा टोस्ट, खारी, बिस्किट, नूडल, समोसा सगळंच एका दमात सुटलं. गुण कशाचा आला ते मग कसं सांगणार?

---

पहाटवारा | १९ जानेवारी, रात्री ९.३०

मुद्दा घेतला. खरं आहे, मी पोळीसाठी रात्री फ्रिज उघडत नव्हतो, क्रीमच्या बिस्किटांसाठी उघडत होतो. पण मग पोट? माझं पोट पोळीनं फुगायचं, आणि ते बिस्किटं बंद असतानाही.

---

काटोल_रोड | १९ जानेवारी, रात्री १०.१०

मी शेतकरी, दरवर्षी चार एकर लोकवन गहू लावतो. एक सांगू का, लोक म्हणतात आताचा गहू बदलला, जनुकं घुसवली. भारतात जनुकबदल केलेला गहू बाजारात नाही. बुटक्या जाती साठच्या दशकात आल्या, त्या संकरातून. ग्लुटेन वाढलं म्हणतात, पण अमेरिकेत विसाव्या शतकातल्या गव्हाच्या नोंदी तपासल्या तेव्हा तसं वाढल्याचा पुरावा निघाला नाही. बन्सी, खपली, शरबती, लोकवन, सगळ्यात ग्लुटेन आहे. खपली चालते म्हणून सिलिॲकवाल्याला कोणी देऊ नका, लई महागात पडेल.

---

ओलीमाती | २० जानेवारी, दुपारी ३.१०

काटोल रोडभाऊंनी लिहिलं ते वाचून राहवलं नाही. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला सिलिॲक आहे. सहाव्या वर्षी कळलं. तोवर तो वर्गात सगळ्यात बुटका होता, पोट तेवढं पुढं, हातपाय काड्यांसारखे. आम्ही जंताच्या औषधावर जंताचं औषध देत होतो. एका नातेवाइकानं मोठ्या मायेनं खपलीचे लाडू पाठवले, "जुना गहू आहे, याला बाधणार नाही" म्हणून. रात्रभर उलट्या.

लोकांना वाटतं, पोळी नाही दिली की झालं. तसं नाही हो. सहा महिने आम्ही ज्वारीवर होतो तरी त्याची अँटिबॉडी उतरत नव्हती. मी चक्कीवर जाऊन उभी राहिले तेव्हा उमगलं. माझ्या पुढच्या बाईचा गहू दळून झाला आणि त्याच जात्यात माझी ज्वारी ओतली. पहिलं जे पीठ खाली आलं ते पांढुरकं नव्हतं, पिवळसर होतं. तिच्या गव्हाचं. चक्कीवाल्या दादांना समजावलं, ते बिचारे सकाळी सगळ्यात आधी माझं दळायला तयार झाले, पण दगडाच्या खाचांत आणि कापडी पिशवीत आदल्या दिवसाचा गहू असतोच. शेवटी हप्त्यानं घरगुती चक्की घेतली. तीत गव्हाचा दाणा आजवर पडलेला नाही.

नंतर हिंग. बांधानी हिंगात मैदा असतो, हे मला तीन वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. फोडणी घरातल्या प्रत्येक भाजीला. मग पोळपाट, लाटणं, तवा, चाळणी वेगळी केली. "नाचणी बिस्किट" म्हणून घेतलेल्या पुड्यावर मागं बारीक अक्षरात पहिला घटक मैदा निघाला. आता पुड्यावर ग्लुटेनमुक्त लिहिलेलं असेल तरच घेते. त्याला एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, ग्लुटेनची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे.

कुरडयांचंही सांगते, उन्हाळा येईलच. आमच्या सासूबाईंना वाटायचं, तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढला, चोथा फेकला, तर गहू उरला कुठं? चीक म्हणजे मुख्यतः पिष्ट हे खरं, पण घरच्या धुण्यात ग्लुटेन पूर्ण निघून जात नाही. त्याला कुरडई नाही. साबुदाण्याच्या आणि तांदळाच्या पापड्या वेगळ्या घालते, आधी त्याच्या, मग बाकीच्यांच्या.

तो आता १२८ सेंटिमीटर झाला. दारामागं पेन्सिलच्या खुणा आहेत, सहाव्या वर्षाच्या तीन खुणा एकमेकींवर चढलेल्या, मग एकदम अंतर पडत गेलेलं.

निंबोणीताई, ज्याला हा आजार आहे त्याला आयुष्यभर हे असं सांभाळावं लागतं. म्हणून तो आहे की नाही ते नक्की कळलं पाहिजे. सहा आठवडे काढा. आणि मुलाचं निदान झाल्यावर आम्हा दोघांचं, मोठ्या मुलीचंही रक्त तपासलं, कारण सख्ख्या नात्यात याचा धोका जास्त असतो. आम्हा तिघांना नाही निघालं.

---

रोडगेवाला | २० जानेवारी, संध्याकाळी ६.००

ओलीमातीताई, वाचून गलबलून आलं. माझा वरचा प्रश्न मागं घेतो.

---

बाभूळबन | २१ जानेवारी, सकाळी ११.००

पहाटवारांच्या पोटाबद्दल राहिलं होतं. सिलिॲक नाही, तरी पोळीनं फुगतं, अशी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांचं दुखणं खरं असतं. दोषी कोण यावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत चांगलं काम झालं आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात २०१३ मध्ये अशा ३७ जणांच्या खाण्यातल्या, आतड्यात आंबून गॅस करणाऱ्या सगळ्या शर्करा आधी कमी केल्या. त्यानंच सगळ्यांना बरं वाटलं. मग गुपचूप ग्लुटेन दिलं, तर फरक पडला नाही. २०१८ मध्ये नॉर्वेत ५९ जणांना आळीपाळीनं तीन प्रकारच्या वड्या दिल्या, एकीत ग्लुटेन, एकीत फ्रुक्टन, एकीत दोन्ही नाही. सगळ्यात जास्त त्रास १३ जणांना ग्लुटेनच्या आठवड्यात झाला, २४ जणांना फ्रुक्टनच्या आणि २२ जणांना काहीच नसलेल्या.

फ्रुक्टन म्हणजे गव्हातलीच एक साखळी-शर्करा. ती पचवणारं पाचकद्रव्य माणसाकडे नाही. ती मोठ्या आतड्यात जाते, तिथले जीवाणू ती आंबवतात, गॅस होतो. ज्यांचं आतडं हळवं आहे त्यांना तो ताण दुखतो. हीच फ्रुक्टन कांद्यात असते आणि लसणात तर वजनाच्या मानानं कितीतरी जास्त. गव्हात प्रमाण कमी, पण गहू आपण पोटभर खातो. आता सावजी रश्श्याचा विचार करा, वाटणभर कांदा-लसूण आणि सोबत चार पोळ्या.

आणि ते "गळकं आतडं". २००० साली अलेसिओ फसानो यांच्या चमूनं झोन्युलिन शोधलं, ग्लायडिनमुळे ते सुटतं आणि पेशींमधले सांधे सैल होतात हे त्यांनी दाखवलं. सिलिॲकमध्ये हे महत्त्वाचं आहे. पण म्हणून पोळी खाणाऱ्या प्रत्येकाच्या आतड्याला भोकं पडतात, असा अर्थ त्यातून निघत नाही. उलट चांगल्या जीवाणूंना ही फ्रुक्टन म्हणजे खुराक. कारण नसताना कायमचं सोडलं तर त्यांचंही खाणं तोडलं जातं. शंभर ग्रॅम कणकेत साधारण ११ ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीनही भरत नाहीत. ज्वारीत कणकेच्या जवळपास असतात, तेव्हा भाकर खाणाऱ्याचं तंतूंच्या बाबतीत काही बिघडत नाही.

---

निंबोणी | ११ मार्च, रात्री ९.१५

सात आठवड्यांनी आले. रोज दुपारी दोन पोळ्या, रात्री दोन, चुकवलं नाही. पहिले दहा दिवस फार वाईट गेले, रात्री पोटाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपले. मग ते थोडं निवळलं.

टीटीजी-आयजीए निगेटिव्ह. एकूण आयजीए व्यवस्थित. डॉक्टरांनी माझा अशक्तपणा पाळीच्या जास्त रक्तस्रावाशी जोडला आहे, त्याची वेगळी तपासणी सुरू झाली. पोटाच्या त्रासाला त्यांनी आयबीएस म्हटलं, म्हणजे हळव्या आतड्याचा त्रास.

या सात आठवड्यांत बाभूळबनांचं ऐकून एक वही ठेवली. काय खाल्लं, किती वाजता, फुगलं किती. वहीमुळेच एक गोष्ट सापडली. दोन रविवारी सकाळी आम्ही तर्री पोहे आणले. पोह्यात गहू नाही. तरी दोन्ही रविवारी अकराला पोट गच्च. तर्रीत हरभरा, आणि तो रस्सा कांद्या-लसणाच्या वाटणाचा. मग आठवलं, गहू बंद होता तेव्हाही रविवारी फुगायचंच. मी ते "आदल्या दिवशी चुकून काही खाल्लं असेल" म्हणून सोडून द्यायचे. गव्हावर राग धरला होता ना, दुसरीकडे नजर जात नव्हती.

आता डॉक्टर आणि नव्या आहारतज्ज्ञ ताईंच्या सांगण्यावरून महिनाभर कांदा, लसूण, गहू, कडधान्यं सगळं कमी, मग एकेक परत आणायचं. त्यांनी बजावलं आहे की ही यादी कायमची नाही. फोडणीत लसूण तेलात परतून काढून टाकायचा, वास राहतो आणि फ्रुक्टन तेलात उतरत नाही. हे मला फार उपयोगी पडलं, घरच्यांना भाजी बेचव लागत नाही.

तलफेचं सांगायलाच पाहिजे. सात आठवडे रोज चार पोळ्या खाल्ल्या, तरी संध्याकाळचं ते अनावर खाणं परत आलं नाही. या काळात टोस्टचा डबा घरात आणला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसात कोणीतरी खारी आणली, आणि मी उभ्या उभ्या पाच खाल्ल्या. सहावी हातात होती. पोळीनं हे कधी केलं नाही. आणखी एक, दुपारी डब्यात वरण किंवा दही असलं की पाच वाजता जीव तेवढा वखवखत नाही. नुसती पोळी-आलूची भाजी असली की वखवखतो.

---

पहाटवारा | ११ मार्च, रात्री १०.२०

मी वही सुरू करतो. दोन वर्षं पोळीची चव विसरलो आहे. आधी कांदा-लसूण कमी करून अर्धी पोळी खाऊन पाहीन.

---

जुनी_इतवारी | १२ मार्च, सकाळी ६.५०

अर्धीच खा बाबा, घाई करू नको. आणि भाकर सोडू नको.

---

पहाटवारा | ९ एप्रिल, रात्री ९.००

अर्धीवरून दीडवर आलो आहे. दीड चालते. दुसरी पूर्ण खाल्ली की संध्याकाळी फुगतं. लसूण मात्र पाकळीभरही चालत नाही, हे दोन वर्षांत कधी कळलं नसतं. क्रीमची बिस्किटं घरात आणत नाही, ते तसंच ठेवणार.

---

ओलीमाती | १९ एप्रिल, संध्याकाळी ५.३०

निंबोणीताई, तुमच्या धाकट्या बहिणीचं पुढं काय झालं? तिनं गहू सोडला तर नाही ना?

---

निंबोणी | २० एप्रिल, रात्री ९.०५

तिच्या मुलांची परीक्षा आटोपायची वाट पाहत होतो. काल इंटरसिटीनं आली. उद्या सकाळी प्रयोगशाळेचा मुलगा घरी येऊन रक्त नेणार आहे, टीटीजी आणि एकूण आयजीए दोन्ही, डॉक्टरांची चिठ्ठी आधीच घेऊन ठेवली. रिपोर्टात काही निघालं तर दुर्बिणीची तारीखही विचारून ठेवली आहे, तोवर गहू चालूच ठेवायचा.

नाही सोडला तिनं. आत्ता माझ्यासमोर बसून भरल्या वांग्यासोबत दुसरी पोळी घेऊन राहिली आहे.